जुम्मा तलाव ते बोरिंग : नागपूरच्या जमिनीखालचे पाणी

आपल्या मोहल्ल्यांत एक चांगली रीत आहे. घरातले कुणी वडीलधारे वारले की वर्ष-दोन वर्षांत मुले पैसे जमवून त्यांच्या नावे बोअरवेल मारतात. नागपुरी बोलीत तिला बोरिंग म्हणतात. मशिदीच्या अंगणात, मदरशाच्या मागे, कब्रस्तानच्या दाराशी, किंवा शहराच्या कडेला नळ न पोहोचलेल्या एखाद्या वस्तीत ही बोरिंग होते. शेजारी छोटीशी पाटी लागते. पाटीवर मरहूमचे नाव असते आणि खाली ‘ईसाल-ए-सवाब’ असे लिहिलेले असते. पाणी चालू आहे तोवर सवाबही चालू राहील, ही त्यामागची श्रद्धा आहे. हजरत साद बिन उबादा यांनी आपल्या आईच्या नावे विहीर खोदली. हजरत उस्मान यांनी मदिनेतील रूमा नावाची विहीर विकत घेऊन ती सर्वांसाठी खुली केली. ही रीत अशी चौदाशे वर्षांची आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो.

नागपुरात अशा बऱ्याच पाट्या मी वाचल्या आहेत. नाव असते, तारीख असते, कधी किती फुटांवर पाणी लागले तेही असते. त्या पाण्यात काय विरघळलेले आहे, हे मात्र एकाही पाटीवर मला आढळले नाही. प्रदूषण म्हटले की आपल्याला कारखाना, नाला, प्लास्टिक आठवते. पण जमिनीखाली आणखी एक मिसळ चालू असते. तिच्यात कुणा माणसाचा हात नसतो. दगडच पाण्यात विरघळत असतो. नागपूरचा इतिहास आपण भोसल्यांच्या वाड्यापासून आणि सीताबर्डीच्या लढाईपासून सांगतो. आज तो थोडा खालून, दगडापासून सांगायचा आहे.

तीन दगडांवर बसलेले शहर

नागपूर एकाच दगडावर वसलेले नाही. शहराच्या पश्चिमेला बसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ आहे. सह्याद्रीपासून सुरू झालेले लाव्हाचे थर पूर्वेकडे येता येता इथे संपत येतात. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकड्यांवर आहे त्या आणि सेमिनरी हिल्स याच काळ्या दगडाच्या. पूर्वेकडे जावे तसा हा दगड संपतो आणि त्याच्यापेक्षा कितीतरी जुना, अब्जावधी वर्षांपूर्वीचा नाईस आणि ग्रॅनाइटच्या जातीचा दगड लागतो. पुढे भंडारा-गोंदियापर्यंत तोच आहे. उत्तरेला कामठीच्या बाजूला तिसराच प्रकार म्हणजे गोंडवनाचा वालुकाश्म, ज्याच्या पोटात कोळसा आहे. भूगर्भशास्त्रात ‘कामठी’ हे एका खडकसमूहाचे नाव आहे, ते याच गावावरून पडले.

या दगडांची नोंद पहिल्यांदा नीटपणे केली ती स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने. १८४५ साली तो नागपुरात आला. धर्मप्रचार आणि शाळा चालवता चालवता तो आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर टाकळी आणि आसपासच्या भागात जीवाश्म गोळा करत हिंडले. नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा त्यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. टाकळीजवळ सापडलेल्या चुन्याच्या जातीच्या एका हिरवट खनिजाला त्याच्या नावावरून ‘हिस्लॉपाइट’ म्हणतात. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून बोरीकडे परतताना ओढ्याला आलेल्या पुरात तो बुडून मेला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. त्याच्या धर्मप्रचाराबद्दल कुणाचे काही मत असो, पण आपल्या पायाखाली काय आहे हे त्याने या शहराला लेखी सांगितले.

दगडांच्या या फरकाचा पाण्याशी थेट संबंध आहे. पावसाचे पाणी जवळजवळ कोरे असते. जमिनीत मुरताना ते हवेतला आणि मातीतला कर्बवायू सोबत घेते आणि किंचित आम्ल बनते. मग ते ज्या दगडातून झिरपते त्याचा थोडा थोडा अंश उचलते. काळ्या कातळातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येते, म्हणजे पाणी जड होते. पूर्वेच्या ग्रॅनाइट-नाईसमध्ये अभ्रक, ॲपेटाइट, फ्लोराइट अशी खनिजे असतात. त्यांच्यातून फ्लोराइड येऊ शकते. पाणी दगडात जितका जास्त काळ राहील तितका त्याचा अंश वाढतो. चहाची पत्ती पाण्यात जास्त वेळ राहिली की रंग गडद होतो, तसेच हे.

राजाने तलाव का बांधला?

नागपूरची स्थापना गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास केली. देवगडचा हा राजा औरंगजेबाच्या दरबारात गेला, तिथे त्याने इस्लाम स्वीकारला आणि परत येऊन राज्याची घडी बसवली. ‘राजापूर बारसा’ या नावाने ओळखली जाणारी बारा लहान गावे जोडून त्याने हे शहर उभे केले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी देवगडहून इथे आणली, शहराला तटबंदी घातली आणि पाण्यासाठी एक मोठा तलाव तयार केला. तो जुम्मा तलाव. पुढे जुम्म्याचे भाषांतर होऊन तो शुक्रवारी तलाव झाला आणि स्वातंत्र्यानंतर गांधीसागर. नाव दोनदा बदलले, पाणी तेच राहिले. नावांच्या राजकारणावर आपण पुष्कळ लिहितो-वाचतो. आज माझा प्रश्न वेगळा आहे. शेजारून नाग नदी वाहते, विहिरी खणता येतात, मग राजाने तलावच का बांधला?

एक कारण सरळ आहे. कठीण दगडात पाणी साठायला जागा कमी असते. वाळूच्या थरात पाणी स्पंजासारखे मावते. ग्रॅनाइट आणि बसाल्टमध्ये ते फक्त भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात मावते. म्हणून जिथे हा जुना दगड आहे त्या पूर्व विदर्भात तलावांची दाटी दिसते. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, ते याच गरजेतून आले. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यांना जमिनी देऊन प्रोत्साहन दिले आणि कोहळी समाजाने ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली.

दुसरी गोष्ट त्यांच्या मनात होती की नाही हे सांगता येत नाही, पण परिणाम मात्र तोच झाला. तलावाचे पाणी हे पावसाचे पाणी असते. दगडाशी त्याचा सहवास थोडा. त्यामुळे त्यात खनिजे कमी उतरतात. त्यात गाळ असतो, शेवाळ असते, माणसांनी घाण केली तर रोगजंतूही असतात. पण दगडाचे विष त्यात सहसा नसते. भोसल्यांनीही हाच मार्ग पुढे नेला. अंबाझरी, तेलंगखेडी म्हणजे आजचा फुटाळा, सक्करदरा, सोनेगाव हे तलाव म्हणजे शहराची तहान कोऱ्या पाण्यावर भागवण्याची व्यवस्था होती. इंग्रजांच्या काळात १८७० च्या सुमारास अंबाझरीचा तलाव वाढवून त्यातून शहराला नळाने पाणी देण्याची सोय झाली. नंतर गोरेवाडा आला, मग कन्हान नदी, मग पेंच. आज नागपूरच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हानचे आहे. ते शुद्ध करून दिले जाते. ज्याच्या घरी हा नळ आहे त्याने हा लेख वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही.

डाळ शिजते की नाही

पण तलाव आणि नळ यांच्या सोबतीला विहिरी कायम होत्या. महालात, इतवारीत, हंसापुरीत, मोमिनपुऱ्यात जुन्या वाड्यांच्या अंगणात विहीर असायचीच. या विहिरींची प्रतवारी करण्याची एक पद्धत आपल्या घरातल्या बायकांकडे होती आणि ती कुठल्या प्रयोगशाळेत शिकवलेली नव्हती. माझी नानी पाण्याची दोन भांडी ठेवायची. एका विहिरीचे पाणी धुण्या-भांड्यांना आणि दुसऱ्या विहिरीचे स्वयंपाकाला. कारण विचारले की म्हणायची, “उस पानी में दाल नहीं गलती, बेटा.”

तुरीची डाळ न शिजणे ही अंधश्रद्धा नव्हती. जड पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवते, म्हणून दाणा फुटत नाही. त्याच पाण्यात साबणाचा फेस होत नाही, कारण साबण कॅल्शियमबरोबर चोथा होऊन बसतो. कपडे रंगवणाऱ्यालाही हे पाणी चालत नाही, रंग नीट चढत नाही. म्हणजे रांधणारी, धुणारी आणि रंगवणारी माणसे पाण्याचे रसायन रोज तपासत होती. ‘गोडे’, ‘खारे’, ‘मचूळ’ हे आपल्या भाषेतले शब्द त्या तपासणीचे निकाल आहेत.

हे ज्ञान आपल्याकडेच होते असेही नाही. साधारण हजार वर्षांपूर्वी अल-करजी या इराणी गणितज्ञाने जमिनीत लपलेले पाणी बाहेर काढण्याच्या विद्येवर अरबीत एक पूर्ण ग्रंथ लिहिला. कोणत्या जमिनीखाली पाणी असेल, कुठली वनस्पती त्याची खूण सांगते, पाण्याच्या चवी कशा ओळखाव्यात, भुयारी कालवे कसे खणावेत, असे सगळे त्यात आहे. याच विद्येच्या परंपरेतून सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने औरंगाबादला नहर आणली. जमिनीखालच्या पाण्याकडे डोळे उघडे ठेवून पाहणे हा आपल्या वारशाचाच भाग आहे.

अडचण अशी की या सगळ्या वारशाचे मुख्य हत्यार जीभ आहे. जिभेला मीठ कळते, चुना कळतो, लोह कळते, गंधक तर नाकालाच कळतो. पण पिण्याच्या पाण्यात ज्या प्रमाणात फ्लोराइड घातक ठरते, त्या प्रमाणात त्याला ना चव असते, ना वास, ना रंग.

डागाळलेल्या दातांचा शोध

फ्लोराइडचा माग लागला तो दातांवरून. १९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी आला. तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग होते आणि कारण कुणालाच माहीत नव्हते. मॅकेने आयुष्याची तीस वर्षे या कोड्यावर घालवली. संशय पाण्यावर होता, पण पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत काहीच सापडत नव्हते. शेवटी १९३१ मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने वेगळ्या पद्धतीने पाणी तपासले आणि त्यात फ्लोराइड निघाले. आपल्याकडे १९३७ साली शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात याच द्रव्याचे भयानक रूप नोंदवले. तिथे दातांपुरते प्रकरण थांबले नव्हते. पाठीचे मणके एकमेकांना जखडून माणसे वाकली होती.

थोडे फ्लोराइड दातांना चांगले असते, जास्त झाले की तेच घातक. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणी मिळतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ आहे. आता नागपूरचा मे महिना आठवा. थंड देशातला माणूस दिवसात जेवढे पाणी पितो त्याच्या कितीतरी पट आपल्याकडचा हमाल, गवंडी, रिक्षावाला पितो. पाणी तेच असले तरी पोटात जाणारा डोस वाढतो.

पहिला घाव मुलांवर बसतो. हिरड्यांखाली कायमचे दात घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, जास्त फ्लोराइड पोटात गेले तर दातांवर आधी खडूसारखे पांढरे पट्टे येतात आणि पुढे तपकिरी डाग. हे डाग घासून जात नाहीत. विदर्भात डागाळलेले दात दिसले की आपण लगेच खर्ऱ्याला दोष देतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण दहा वर्षांच्या मुलीच्या दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच पट्टे असतील, तर तिच्या तोंडाकडे बघून टोमणा मारण्याआधी तिच्या घरच्या पाण्याकडे बघायला हवे. मोठ्या माणसांत सांधे आणि पाठ धरते. त्याला अर्थातच वयासकट अनेक कारणे असतात. म्हणूनच पाण्याचा संशय सर्वांत शेवटी येतो, किंवा येतच नाही.

केंद्रीय भूजल मंडळाच्या नोंदींमध्ये महाराष्ट्रातील ज्या जिल्ह्यांच्या काही भागांत मर्यादेपेक्षा जास्त फ्लोराइड आढळले त्यांत चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, नांदेड यांच्याबरोबर नागपूरही आहे. ‘काही भागांत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. भेगाळलेल्या दगडात एका बोरिंगचे पाणी चांगले आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्या बोरिंगचे वाईट असू शकते. संपूर्ण जिल्ह्याला विषारी म्हणणे जितके चुकीचे, तितकेच शेजाऱ्याच्या बोरिंगवरून आपल्या बोरिंगची खात्री देणे चुकीचे.

गोड पाण्याचा धोका

आता त्या डाळीकडे पुन्हा यावे लागेल. फ्लोराइड आणि कॅल्शियम यांची पाण्यात एकमेकांशी गाठ पडली की त्यांचे फ्लोराइट हे खनिज बनून खाली बसते. म्हणून कॅल्शियम भरपूर असलेल्या, म्हणजे जड पाण्यात फ्लोराइड फार वाढू शकत नाही. उलट, पाणी खोल दगडात वर्षानुवर्षे राहिले की त्यातले कॅल्शियम निघून जाते आणि त्याची जागा सोडियम घेते. असे पाणी हलके होते, किंचित सोड्याच्या गुणाचे होते. साबणाचा छान फेस होतो. डाळ तर चिमूटभर सोडा टाकल्यासारखी पटकन गळते. आणि नेमक्या अशाच पाण्यात फ्लोराइड वाढायला मोकळे रान मिळते.

प्रत्येक हलक्या पाण्यात फ्लोराइड असतेच असे नाही. पण नानीच्या परीक्षेत ज्या पाण्याला सगळ्यांत जास्त गुण मिळतील, ते या बाबतीत सगळ्यांत संशयास्पद असू शकते. नानीची परीक्षा चुकीची नव्हती. ती पन्नास फुटांच्या उघड्या विहिरीसाठी तयार झाली होती. त्या विहिरीत दरवर्षी नव्या पावसाचे पाणी येई. आपण खोली बदलली आणि परीक्षा तीच ठेवली.

ही खोली बदलली गेल्या पन्नास-साठ वर्षांत. १९६७ च्या सुमारास युनिसेफच्या मदतीने कठीण दगड फोडणारी यंत्रे भारतात आली. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला बोअरवेलची वाट दाखवली. त्याच सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. सोलापुरात घडवलेल्या एका मजबूत पंपाच्या धर्तीवर ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार झाला आणि देशभर पसरला. या हातपंपांनी खेड्यापाड्यांतल्या किती मुलांना पटकीपासून वाचवले असेल याची मोजदाद नाही. ते उपकार नाकारण्याचे कारण नाही. पण उघड्या विहिरीतून जंतूंचे पाणी पिणारा समाज खोल दगडातले जुने पाणी पिऊ लागला. धोका बदलला आणि त्याची खबर जिभेला लागली नाही.

याच काळात नागपुरात एक महत्त्वाचे काम झाले. १९५८ मध्ये इथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून पाण्यातले फ्लोराइड कमी करण्याची स्वस्त पद्धत नीरीच्या शास्त्रज्ञांनी शोधली. जुन्या निजाम राज्यातल्या ज्या जिल्ह्यासाठी ती आधी वापरली गेली, त्यावरून ती ‘नलगोंडा पद्धत’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. आफ्रिकेतल्या देशांतही ती गेली. नागपूरच्या एका संस्थेने टांझानियापर्यंत पोहोचवलेली गोष्ट नागपूरच्या कडेच्या वस्तीतल्या बोरिंगवर पाणी भरणाऱ्या बाईला माहीत नसावी, याचे मला वाईट वाटते.

पाक आणि पिण्याजोगे

इथे एक धार्मिक मुद्दा स्पष्ट करणे गरजेचे आहे, कारण मोहल्ल्यात हा युक्तिवाद मी ऐकला आहे. फिक्हच्या किताबांत पाणी पाक आहे की नाही हे ठरवताना रंग, चव आणि वास या तीन गोष्टी पाहिल्या जातात. त्या बदललेल्या नसतील तर पाणी पाक. त्यामुळे अनेकांना वाटते की स्वच्छ दिसणाऱ्या, चवीला गोड पाण्याची आणखी तपासणी करणे म्हणजे वहम.

पण तो नियम वुजू आणि गुस्लच्या पाकीसाठी आहे. फ्लोराइडच्या पाण्याने वुजू बेशक होईल, कपडेही धुता येतील. ते पाणी रोज वीस वर्षे प्यावे की नाही हा वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देणारा उसूलही आपल्याच दीनमध्ये आहे: स्वतःला नुकसान होऊ देऊ नये, दुसऱ्यालाही करू नये. नुकसान होते की नाही हे सांगण्याचे काम त्या विषयाच्या जाणकाराचे. आजारपणात रोजा सोडावा की नाही यासाठी आपण हकीमाचे मत विचारतो, मग पाण्यासाठी रसायनतज्ज्ञाला विचारण्यात कमीपणा कसला?

सवाबचा हेतू चांगला असला म्हणजे परिणाम आपोआप चांगला होतो असे नाही. बंगालने हे फार मोठी किंमत देऊन शिकवले. १९७० च्या दशकापासून तिथे तळ्यांचे दूषित पाणी सोडून लोकांनी नलकूप वापरावेत म्हणून सरकारांनी आणि युनिसेफसारख्या संस्थांनी मोठी मोहीम चालवली. हेतू नेक होता, अतिसाराने मरणारी मुले वाचवण्याचा. नळीतून येणारे पाणी थंड आणि नितळ होते. ते आर्सेनिकसाठी कुणी तपासले नाही. १९८३ मध्ये कोलकात्यात डॉ. के. सी. साहा यांना रुग्णांच्या कातडीवर आर्सेनिकच्या खुणा दिसल्या. बांगलादेशात तर पुढे कोट्यवधी लोक या पाण्याच्या कक्षेत असल्याचे उघड झाले. ते आर्सेनिक कुठल्या कारखान्याने टाकलेले नव्हते. हिमालयातून वाहून आलेल्या गाळातच ते होते.

‘नैसर्गिक’ हा शब्द मला म्हणूनच खटकतो. कारखान्याचे विष असेल तर मोर्चा निघतो, खटला होतो, बातमी छापून येते. दगडाच्या विषावर मोर्चा कुणाविरुद्ध काढणार? मग तो प्रश्न नशिबाच्या खात्यात जमा होतो. पण दगडात फ्लोराइड आहे हे एकदा माहीत झाल्यावर तिथे न तपासता बोरिंग मारणे ही निसर्गाची करणी उरत नाही. ती आपली होते. जुन्या पूर्वेच्या दगडावर वाढणाऱ्या वस्त्यांमध्ये नळाच्या रांगेत सगळ्यांत शेवटी कोण असते हेही आपण जाणतो. तिथे रोजंदारीवरची, भाड्याच्या खोलीतली माणसे राहतात. त्यांत आपले लोक आहेत, दलित आहेत, छत्तीसगडहून आलेले मजूर आहेत. दगड जात-धर्म पाहत नाही, नळ मात्र आधी कुणाकडे जायचे ते ठरवून जातो.

करता येण्यासारखे

काम अवघड नाही. बोरिंगला जो खर्च येतो त्याच्या तुलनेत पाणी तपासण्याचा खर्च नगण्य आहे. भूजल यंत्रणेच्या आणि पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळा आहेत. जलजीवन मिशनमध्ये सामान्य माणसालाही आपल्या पाण्याचा नमुना तपासून घेण्याची सोय आहे. नमुना देताना ‘फ्लोराइडही तपासा’ असे स्पष्ट सांगावे. नायट्रेटही तपासून घ्यावे. ते दगडातून येत नाही. आपल्याच संडासांच्या टाक्यांतून, गटारांतून आणि शेतातल्या खतांतून येते, आणि नागपूरच्या भूजलात त्याचीही तक्रार जुनी आहे. तपासणी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर करावी, कारण पाण्याची पातळी बदलली की आकडेही बदलतात.

फ्लोराइड जास्त निघाले तर पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटते आणि फ्लोराइड उलट दाट होते. साध्या कँडलच्या फिल्टरनेही ते जात नाही. त्यासाठी आरओ किंवा ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना लागते. ते शक्य नसेल तर बोरिंगचे पाणी धुण्याला आणि वुजूला ठेवावे, पिण्याला आणि रांधायला टँकरचे किंवा नळाचे घ्यावे. सगळ्यांत स्वस्त उपाय आपल्या डोक्यावरच आहे. नागपुरात वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मशिदीचे छत मोठे असते आणि ते झाडून-पुसून साफ ठेवले जाते. पहिल्या दोन पावसांचे पाणी सोडून पुढचे बंद टाकीत साठवले आणि जंतू मारून घेतले, तर लहान मुलांच्या पिण्यापुरते कोरे पाणी पुष्कळ दिवस मिळू शकते. चांद सुलतानाने तलाव बांधून जे केले तेच छोट्या मापाने.

ज्यांना मरहूमच्या नावे काही करायचे आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावे. शहरात नव्या बोरिंगपेक्षा जुन्या दहा बोरिंगची तपासणी करून देणे हा जास्त मोठा सदका ठरू शकतो. बांगलादेशात सुमारे पन्नास लाख नलकूप तपासून झाले आणि प्रत्येकाच्या तोंडाला रंग लावला गेला. चांगल्या पाण्याला हिरवा, वाईट पाण्याला लाल. वाचता न येणाऱ्या बाईलाही कुठे घागर भरायची ते कळले. आपल्या मोहल्ल्यातल्या तरुणांनी ठरवले तर हे एका रमजानच्या आत होऊ शकते. नमुन्याच्या बाटल्या, प्रयोगशाळेच्या दोन-चार चकरा आणि रंगाचे दोन डबे, एवढेच सामान लागते.